लॅटिनो समाजाचं सोशल सायकॉलॉजी शिकवायचंय? नाशिकमधून सुरुवात अशी करा

एमए सायकॉलॉजी करणारी मुलं हल्ली विचारतात की अमेरिकेतल्या चिकानो-लॅटिनो समाजाचं (लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेशी नातं असलेले, त्यातले मेक्सिकन मुळाचे ते चिकानो, बाईला चिकाना) सोशल सायकॉलॉजी शिकवायचं, त्यातच प्राध्यापक व्हायचं, तर नाशिकमधून सुरुवात होऊ शकते का. होऊ शकते. फक्त थिअरीपासून सुरुवात नका करू, आधी त्या लोकांचा इतिहास वाचा आणि त्याच वेळी आपल्या इथल्या माणसांना नीट प्रश्न विचारायला शिका, कारण हे दुसरं काम तिकडं गेल्यावर बघू म्हटलं तर फार उशीर होतो.

1848 च्या ग्वादालूपे इदाल्गो तहानं मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेत गेला, तिथली माणसं जागच्या जागीच होती, देश बदलला. त्यामुळं सगळे लॅटिनो बाहेरून आलेले हे डोक्यातून काढा. प्वेर्तो रिकोचे लोक 1917 पासून अमेरिकन नागरिक आहेत, क्यूबातून आलेल्यांची कहाणी वेगळी, एल साल्वादोरच्या यादवीतून पळून आलेल्यांची अजून वेगळी. 2020 च्या जनगणनेत हे सगळे मिळून 6 कोटी 20 लाखांच्या वर होते, एवढ्या लोकांचा एकच स्वभाव सांगणारा पेपर दिसला की सावध व्हा.

डेलानोचा संप तर नाशिककरानं वाचायलाच हवा. सप्टेंबर 1965 मध्ये कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांत फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँगच्या पुढाकारानं काम बंद केलं, आठवडाभरानं सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात उतरली, द्राक्षांवरचा बहिष्कार देशभर पसरला आणि 1970 मध्ये मळेवाल्यांना करार करावे लागले. दोन वेगळ्या भाषांचे मजूर एकत्र कसे आले, हा प्रश्न घेऊन वाचा, गटाची ओळख आणि एकी यावरची अर्धी थिअरी तिथंच समजते.

आता आपल्याकडं या. सीझनमध्ये नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला मजूर नाक्यावर सकाळी पेठ, सुरगाणा, हरसूलकडचे आदिवासी मजूर उभे असतात, छाटणी-डिपिंग-विरळणीची कामं तिथंच ठरतात. डेसर्टेशनसाठी तिथं प्रश्नावली घेऊन गेलात तर काय होतं बघा. तुम्ही पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच पर्याय वाचून दाखवता, समोरची ताई एकदा तुमच्याकडं बघते, एकदा मुकादमाकडं, आणि सगळ्यालाच हो म्हणते. मालक चांगलं वागवतो? हो. मालक नीट वागवत नाही? त्यालाही हो. यात तिची काही चूक नाही, विचारणारा कोण आणि उत्तराचा आपल्या रोजावर काय परिणाम होईल हे तिला आधी तोलावं लागतं. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, लोकांच्या उत्तरांमधला हो म्हणण्याचा आणि टोकाचा पर्याय निवडण्याचा कल खेरार्दो मारिन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलाय, तो पेपर गिरणाऱ्याला जाऊन आल्यावर वाचा, जास्त कळेल.

म्हणून नाक्यावर फॉर्म भरून घेऊ नका. आधी काही दिवस नुसते जाऊन बसा, ओळख होऊ द्या, मग त्यांच्या गावी जा, कामाला सुट्टी असताना, मुकादम नसताना. संमतीपत्र वाचता येत नसेल तर तोंडी समजावून सांगा, नाही म्हणायची मोकळीक खरंच द्या आणि काम बुडवून बोलायला बसवणार असाल तर त्या दिवसाचा रोज द्या. गाइडना हे सगळं फालतू वाटलं तरी करा.

वाचनात शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज सांचेझ यांच्यापासून लागा, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी आयक्यू टेस्टवरून मंद ठरवणं चूक आहे हे ते 1930 च्या दशकातच मांडत होते. मग एआरएसएमए ही स्केल बघा, मेक्सिकन-अमेरिकन माणूस कुठल्या संस्कृतीत किती रुळलाय ते ती मोजते. 1980 ची पहिली आवृत्ती माणसाला मेक्सिकन ते अँग्लो (इंग्रजी बोलणारे गोरे अमेरिकन) अशा एकाच रेषेवर बसवायची, 1995 च्या दुसरीत दोन्हीकडचा ओढा वेगवेगळा मोजला. घरी कोकणा ही आदिवासी बोली आणि शाळेत मराठी बोलणारं सुरगाण्याचं पोरगं डोळ्यांसमोर आणा, हा बदल का लागला ते लगेच पटेल. चिकाना सोशल सायकॉलॉजिस्ट आयदा उर्तादो यांचं काम आणि 1979 पासूनचं हिस्पॅनिक जर्नल ऑफ बिहेवियरल सायन्सेस हेही चाळत राहा.

स्पॅनिश आजच सुरू करा, ऑनलाइन चालेल, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला पण कोर्स असतात. मुलाखत घेता येईल इतकी यायला हवी, नुसतं वाचता येऊन भागत नाही.

अर्जांचं थोडक्यात. बऱ्याच पीएचडी प्रोग्रामची तारीख 1 डिसेंबरच्या आसपास असते, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत एसओपीला (अर्जासोबतच्या, आपण हे का शिकणार ते सांगणाऱ्या निबंधाला) हात घातला तर गडबड होणार, गणपतीतच पहिला ड्राफ्ट तयार पाहिजे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया सांताक्रूझचा सोशल सायकॉलॉजी प्रोग्राम सामाजिक न्यायावर भर देतो, तो बघा, त्याच युनिव्हर्सिटीच्या सांता बार्बरा कॅम्पसला चिकानो स्टडीजमध्ये पीएचडी होते. ट्यूशन माफी आणि टीएशिपचा (प्राध्यापकांना शिकवायला मदत करण्याच्या कामाचा) पगार मिळत नसेल तर कर्ज काढून पीएचडीला जाऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतेय.

नोकरी शोधताना ज्या कॉलेजांत किमान 25 टक्के हिस्पॅनिक विद्यार्थी असतात त्यांना हिस्पॅनिक-सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन म्हणतात, तिथल्या जाहिराती आधी बघा. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत 2020 च्या कायद्यानं प्रत्येक पदवीधराला एथ्निक स्टडीजचा (अमेरिकेतल्या वांशिक गटांच्या अभ्यासाचा) एक कोर्स सक्तीचा झालाय, म्हणजे हा विषय शिकवणारी माणसं तिथं लागतातच. भारतात परत यायचा विचार असेल तर नेट किंवा सेट आत्ताच काढून ठेवा, तिकडून आल्यावर पुन्हा त्या अभ्यासाला बसणं जड जातं.

आणि मुलाखतीत विचारणारच की तुम्ही या समाजातले नाही, मग तुम्ही का? तेव्हा आपणही गोरे नाही, आम्हाला सगळं कळतं असलं काही बोलू नका, ते खरं नाही आणि समोर बसलेल्या चिकाना प्राध्यापिकेला ते लागेल. द्राक्षबागेतल्या मजुरांसोबत काय काम केलं, प्रश्नावली कुठं फसली, मग पद्धत कशी बदलली, आणि वर्गातल्या लॅटिनो मुलांना स्वतःच्या घरच्यांच्या मुलाखती घ्यायला कसं शिकवणार, ते असाइनमेंटसकट दाखवा.