मणक्याला मार लागून वर्षं झाली तरी पाठ दुखतेय, मग उपाय नक्की कुठला धरायचा?

मे महिन्याचे शेवटचे दिवस, पाऊस यायच्या आत राहिलेले आंबे उतरवायचे म्हणून घळ, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, घेऊन कलमावर चढलो आणि पाय सटकला. बारा-तेरा फुटांवरून खाली, तेही गडग्याच्या चिऱ्यावर. एल-१ मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा दबला. कमरेच्या पाच मणक्यांतला हा सगळ्यात वरचा, बरगड्यांचा कडक भाग संपून कमरेचा लवचीक भाग सुरू होतो तिथला, त्यामुळे झाडावरून, माडावरून नाहीतर स्लॅबवरून पडलेल्या माणसाचा बहुतेक वेळा ह्याच्याच आसपासचा मणका जातो. ऑपरेशन लागलं नाही, तीन महिने पट्टा बांधला, मग एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले हाड जुळलं, आता तुम्ही मोकळे. मोकळा कसला, दहा मिनिटं उभं राहिलं की कमरेत सळई तापवून घातल्यासारखं व्हायचं.

मग गावातला प्रत्येक माणूस डॉक्टर झाला. कोणी हाडवैद्य सांगितला, कोणी तेल, कोणी कोल्हापूरचं इंजेक्शन, शेजारच्या काकी एका पायाळू माणसाला घेऊन आल्या, कमरेला पाय लावून घे म्हणून. आईने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं आणि म्हणाली, होतला सगळा बरा. मी सगळंच केलं, एकाच वेळी केलं, आणि हीच माझी चूक. तीन महिन्यांनी थोडं बरं वाटलं तर कशाने वाटलं ते कळेना, बिघडलं तर कशाने बिघडलं तेही कळेना. म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषध सांगत नाहीये, ठरवायचं कसं तेवढं सांगतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, ह्यात ठरवण्यासारखं काहीच नाही. लघवी अडली किंवा आपोआप व्हायला लागली, संडासवरचा ताबा गेला, बसायची जागा आणि मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली, पायातली ताकद कमी कमी होत चालली, तर सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता पण १०८ ला फोन लावायचा. मणक्याच्या खालच्या भागात घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो, त्याच्यावर दाब आला की काही तासांच्या हिशोबात ऑपरेशन लागतं, उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. दुसरं, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, असं असेल तर जुन्या माराच्या नावावर ढकलू नका, आपल्याकडे मणक्याचा टीबी काही दुर्मीळ नाही. आणि पन्नाशीपुढच्या बाईचा मणका नुसतं न्हाणीघरात घसरून दबला असेल तर प्रश्न त्या घसरून पडण्याचा नाही, हाडं पोकळ झाल्याचा आहे, हाडांची घनता तपासून त्याचं वेगळं औषध सुरू करावं लागतं, नाहीतर दुसरा मणका जातो.

हे काही नसेल तर आता दमाने घ्या. तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं म्हणजे क्रॉनिक, त्याला आज-उद्यात काही करायची घाई नसते.

पहिलं काम म्हणजे दुखणं कसलं आहे ते ओळखणं, कारण 'पाठ दुखते' हे एका दुखण्याचं नाव नाही. उभं राहिलं, ओझं घेतलं की वाढतं आणि आडवं झालं की उतरतं, ते बहुतेक हाडा-सांध्याचं आणि स्नायूंचं. मागे वाकलं की जास्त दुखत असेल तर मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांवर संशय जातो. कळ ढुंगणातून गुडघ्याच्या खाली पोटरीपर्यंत उतरते, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं, ते नसेचं. आणि एक प्रकार असा की जखम भरली पण नसा अजून बोंबलतायत. घरात एकदा चोर येऊन गेला की कुत्रा नंतर वर्षभर पान पडलं तरी भुंकतो, तसं. हे खोटं दुखणं नव्हे, खरंच दुखतं, पण दर वेळी दुखलं म्हणजे आत नवीन काहीतरी मोडलं असा अर्थ होत नाही. मला हे कळायला दोन वर्षं लागली, तोपर्यंत मी काचेच्या भांड्यासारखा वागत होतो आणि त्याने पाठ अजून कमजोर झाली.

एमआरआयबद्दल बोलू. काढायला लागला तर काढा, पायात कळ, ताकद कमी, ऑपरेशनचा विचार, अशा वेळी तो लागतोच. पण रिपोर्ट हातात आला की 'डिस्क बल्ज', म्हणजे दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, हे वाचून घाबरू नका. २०१५ साली ह्या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून एक आढावा आला होता, त्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचेच स्कॅन बघितले होते, तर विशीतल्या ३० टक्के लोकांना आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांना बल्ज निघाला. म्हणजे केस पिकतात तसंच ते. डॉक्टरांना सरळ विचारा, रिपोर्टमधलं हे जे लिहिलंय ते माझ्या दुखण्याच्या जागेशी जुळतं का? जुळत नसेल तर त्याच्यावर उपचार करून काय फायदा. एक्सरे काढाल तो उभं राहून काढा, पुढे-मागे वाकून पण काढायला सांगतील, मणका हलतोय का, कुबड वाढतंय का ते त्यात दिसतं. आणि पडल्या दिवशीची पहिली फिल्म फेकू नका हो, पावसात बुरशी लागते म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फडताळात ठेवा, पुढचा प्रत्येक डॉक्टर तीच मागतो.

दुसरं काम जरा विचित्र वाटेल. 'दुखणं जावं' हे सोडून अजून काय परत हवंय ते ठरवा. माझं ठरलं होतं, गणपतीत तासभर मांडी घालून भजनाला बसता यायला हवं आणि बाजारापर्यंत बाईक चालवता यायला हवी. आत्याचं होतं भाताच्या लावणीला उतरायचं, तिला मी म्हटलं आत्ये, ते नको धरूस, पाणी काढणं आणि स्वयंपाक एवढं धर. रापण ओढणाऱ्याचं वेगळं असेल, मुंबईत खुर्चीवर बसणाऱ्या चाकरमान्याचं वेगळं. हे ठरलं नाही तर प्रत्येक उपाय अपुराच वाटतो, कारण मोडलेल्या मणक्याचं दुखणं शून्यावर येईलच असं नाही, पण दहातलं सात होतं ते चार झालं आणि भजनाला बसता आलं तर माझ्या लेखी उपाय लागू पडला.

तिसरं, भिंतीवरचं कॅलेंडर. ज्या चौकोनात दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकोनात रोज रात्री दोन आकडे लिहायचे, दुखणं दहापैकी किती आणि आज किती मिनिटं चाललो. बस. नवीन उपाय सुरू केला त्या दिवशी गोल करायचा, आणि तेव्हाच त्याची शेवटची तारीख पण लिहायची, सहा आठवडे किंवा जे डॉक्टर सांगतील ते. एका वेळी एकच उपाय. तारीख आली की मागची पानं उलटून बघायची, आकडा हलला का? नाही हलला तर सुखाने सोडायचा. मला एका ठिकाणी ट्रॅक्शनचं, म्हणजे कंबर ताणून धरायचं, एकवीस सिटिंगचं पॅकेज दिलं, पैसे आधी, आणि मी पैसे भरलेत म्हणून एकवीसच्या एकवीस वेळा बाईकवर खड्डे खात गेलो आलो, आकडा पहिल्या दिवशी सात आणि शेवटच्या दिवशी पण सातच. तेव्हा कॅलेंडर नव्हतं ना!

आता एकेक उपाय.

व्यायाम आणि फिजिओ पहिला, आणि हे मी नाईलाजाने म्हणतोय कारण मला त्याचा भयंकर कंटाळा आहे. जवळ फिजिओ नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा तालुक्याला जाऊन शिकून या आणि घरी करा, तपासल्याशिवाय मोबाईलवर बघून सुरू करू नका, कारण पुढून दबलेल्या मणक्याला पुढे वाकायचे व्यायाम सुरुवातीला बहुधा देत नाहीत आणि मोबाईलवरच्या माणसाला तुमचा मणका माहीत नाही. चालणं तर फुकट आहे. समुद्र जवळ असेल तर ओहोटी बघून जा, पाण्याजवळची ओली घट्ट वाळू असते तिच्यावरून चाला. वरच्या सुक्या वाळूत पाय रुततो आणि प्रत्येक पावलाला कंबर मुरगळते. किनाऱ्याला उतार असतो म्हणून जाताना एका बाजूला झुकतो, परत त्याच वाटेने या, हिशोब बरोबर होतो. मी चार मिनिटांपासून सुरू केलं, दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवत. बरं वाटलं त्या दिवशी जास्त चालायचं नाही, हे फार महत्त्वाचं, कारण आपण चांगल्या दिवशी अख्खा परसू झाडून काढतो आणि पुढचे तीन दिवस खाटेवर.

पट्टा. ताज्या फ्रॅक्चरला डॉक्टर देतात तो वेगळा, तो सांगतील तेवढे दिवस बांधायचा. पण वर्षानुवर्षं बांधून बसायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात पट्टे आणि ट्रॅक्शन ह्यांना नको म्हटलंय आणि व्यायामाला हो म्हटलंय. ती तत्त्वं माराशिवायच्या कंबरदुखीसाठी आहेत, त्यामुळे मोडलेल्या मणक्याला जशीच्या तशी लावू नका, डॉक्टरांना विचारा, पण मला ते वाचून पट्टा सोडायचा धीर आला.

गोळ्या. मेडिकलमध्ये जाऊन 'पाठीची गोळी द्या' हे बंद. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅकसारख्या गोळ्या चार-आठ दिवस भडका उडाला की ठीक, महिनोन्महिने घेतल्या तर पोटात अल्सर, किडनीवर परिणाम, बीपी वाढतं. नसेच्या कळेला प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन असली वेगळी औषधं असतात, त्यांनी झोप येते, गरगरतं, पहिले काही दिवस होडीवर जाऊ नका आणि घाटातून गाडी चालवू नका, आणि ती अचानक बंद करायची नसतात. ट्रॅमाडॉलची सवय लागते. आणि गावठी पुड्या, ज्यांनी दोन दिवसांत जादू होते, त्यांना लांबूनच नमस्कार, त्यात स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं आणि स्टेरॉईडने हाडं अजून ठिसूळ होतात.

तेल, शेक करा की, बरं वाटतं, झोप लागते. फक्त हाडवैद्याकडून मणका 'बसवून' घेणं, झटका देऊन मुरडणं आणि पायाळूचा पाय, हे मोडलेल्या मणक्याला नाही म्हणजे नाही. उसण भरणं वेगळं आणि हाड मोडणं वेगळं. काकींना राग आला तर येऊ दे, चहा पाजा आणि एक्सरे दाखवा.

इंजेक्शन. मणक्यातल्या स्टेरॉईडच्या इंजेक्शनाने पायात उतरणारी कळ काही आठवडे, कधी काही महिने कमी होते, नुसत्या पाठीच्या दुखण्याला त्याचा तेवढा भरवसा नाही. मागच्या सांध्यांचं दुखणं असेल तर आधी भूल देऊन बघतात, तेवढ्या वेळापुरतं दुखणं थांबलं तरच ती बारीक नस गरम करून बधिर करतात, गुण आला तर सहा महिने ते वर्षभर टिकतो, नस परत वाढते. हा मिळालेला वेळ व्यायाम वाढवायला वापरला तर पैसे वसूल. मणक्यात सिमेंट भरायची पण प्रक्रिया असते, २००९ साली पोकळ हाडांच्या फ्रॅक्चरवर दोन चाचण्या झाल्या, त्यात सिमेंट न भरता नुसती खोटी प्रक्रिया केलेल्या लोकांपेक्षा फार फरक दिसला नाही, त्यामुळे कोणी घाईने सुचवलं तर माझ्याच बाबतीत का ते विचारा.

ऑपरेशनला उगाच घाबरू नका आणि उगाच धावू पण नका. नस दाबली जाऊन पाय कमजोर होतोय, मणका हलतोय, कुबड वाढत चाललंय, तेव्हा त्याला अर्थ आहे. नुसतं 'दुखतंय म्हणून' मणके स्क्रूने जोडून घेणं हा जुगार ठरू शकतो. सर्जनसमोर बसलात की विचारा, नेमकं काय दुरुस्त करणार, पाठीचं दुखणं कमी होणार की पायाचं, नाही केलं तर काय होईल, माझ्यासारख्या किती जणांना वर्षभराने फायदा झाला, परत कामावर कधी. हे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या, नाहीतर तिथे जीभ टाळ्याला चिकटते, आणि सोबत एक ऐकणारा माणूस न्या. दुसरा सल्ला दुसऱ्या हॉस्पिटलमधून घ्या, आपल्याकडचे लोक त्यासाठी डेरवण, मिरज, मुंबईचं केईएम, तळकोकणातले गोव्यात बांबोळीला पण जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत खर्च बसतो, पण तुमचं ऑपरेशन आणि ते हॉस्पिटल त्यात आहे का हे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, आधीच विचारा, ॲडमिट झाल्यावर नको. बिडी-सिगारेट असेल तर डॉक्टरांना खरं सांगा, त्याने हाड जुळायला अडथळा येतो.

झोप आणि डोकं, ह्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. वर्षभर दुखत असलेला माणूस चिडका होतो, रात्री छताकडे बघत बसतो, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं. मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे मी गेलो तेव्हा घरचे म्हणाले तुला काय वेड लागलंय काय, पण कॅलेंडरवर आकडा सगळ्यात जास्त हलला तो झोप सुधारली त्या महिन्यात.

घरात पण थोडं बदला. उठताना सरळ उठून बसायचं नाही, आधी गुडघे दुमडून ओंडक्यासारखं कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि हाताने रेटून उठायचं. पाण्याची एक भरलेली घागर आणण्यापेक्षा दोन हातांत दोन अर्ध्या कळश्या. खाली बसायची विळी ओट्यावर. कमोड नसेल तर मधे भोक असलेली खुर्ची मिळते ती आणा, लाजू नका.

आंबे उतरवायला मी आता माणूस लावतो. खाली स्टुलावर बसून घळीतले आंबे पेटीत भरतो, पेटी मुलगा उचलतो. गेल्या गणपतीत भजनाला पाऊण तास बसलो, मग भिंतीला टेकलो.