खाणीतला नाला दुरुस्त करायचाय? आधी पोकलेन थांबवा

तुर्भे-बोनसरीच्या बाजूला पारसिक डोंगर कापून ज्या दगडखाणी झाल्या त्यातल्या एकीवर मी काही वर्षं साइट सांभाळली. दर मे महिन्यात ठरलेलं, वरून फोन यायचा "नाला साफ करून घ्या", मग पोकलेन यायचं, गाळ उपसून काठावरच टाकायचं, जाता जाता तळ दोन फूट खाली न्यायचं, बिल निघायचं आणि जुलैत तोच गाळ परत नाल्यात, वर काठ अजून चार फूट ढासळलेला.

तर पहिली गोष्ट, नाला साफ करणं म्हणजे नाला खोल करणं नाही. खोल आणि सरळ केला की पाण्याला घसरगुंडी मिळते, वेग वाढतो, तळ उकरला जातो, तळ गेला की काठ लटकतात आणि कोसळतात, आणि जिथे पाणी उडी मारतं ती पायरी दर पावसात डोंगराकडे वर सरकत जाते. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. डोंगर उतरला की एमआयडीसी, मग ठाणे-बेलापूर रोड, मग खाडी. म्हणजे खाणीतला मुरूम थेट कंपन्यांच्या गटारात आणि तिथून ठाणे खाडीत, जिला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळालाय.

काम सुरू करायच्या आधी एकदा चांगल्या पावसात रेनकोट घालून माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालून बघा. कड्याच्या खाली मात्र उभं राहू नका, ब्लास्टिंगने सैल झालेले दगड पावसात कधीही सुटतात. सोबत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घ्या, तीन-चार ठिकाणचं पाणी भरा, बाटलीवर जागा लिहा आणि रात्रभर टेबलावर ठेवा, सकाळी कुठल्या बाटलीत किती बोटं गाळ बसला ते दिसतं. आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं क्रशरची पावडर वाहून येतेय, बाटलीत निघाला लाल मुरूम, आणि तो येत होता डंपरच्या रस्त्यावरून!

आता क्रम. गावाकडे पाणलोटाच्या कामात माथा ते पायथा म्हणतात तेच इथे, खालून सुरुवात केली की पैसे वाया. डोंगरावरून येणारं स्वच्छ पाणी खाणीत उतरूच द्यायचं नाही, त्यासाठी कड्याच्या मागच्या बाजूला कॅच वॉटर ड्रेन काढायची, पण कडेपासून चांगली चार-पाच मीटर मागे, नाहीतर पाणी भेगांत मुरून कडाच खाली येतो. उतार शंभर फुटाला एक फूट ठेवला तर पुरतो. वरची जमीन बऱ्याचदा वनखात्याची असते, तिथे कुदळ मारायच्या आधी परवानगी बघा, नाहीतर चांगलं काम करून केस मागे लागायची.

नाल्याचं माप अंदाजाने धरू नका, हिशोब सोपा आहे. पाणी गोळा करणारं क्षेत्र हेक्टरमध्ये, गुणिले तासाचा पाऊस मिलिमीटरमध्ये, गुणिले वाहून जाणारा वाटा, आणि भागिले ३६०. उघड्या खडकावर वाटा ०.८ धरा. दोन हेक्टर आणि तासाला १०० मिलिमीटर धरले तर ०.४४ घनमीटर सेकंदाला, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर २३ सेकंदात भरेल एवढं पाणी. १०० ऐकून हसू नका, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडलाय. एवढ्या पाण्याला पन्नासात एक उतार असेल तर तळाशी दोन फूट, वर साधारण सात फूट आणि खोली सव्वादोन फूट असा दगडी पिचिंगचा, म्हणजे तळ आणि काठ दगडांनी मढवलेला नाला होतो, त्यात वरचा फूटभर मोकळा राहतो, तो राहू द्या.

पिचिंग करताना डबर थेट मुरमावर टाकू नका. खाली जिओटेक्सटाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) किंवा निदान सहा इंच खडीचा थर पाहिजे, नाहीतर दगडाच्या फटीतून माती निघून जाते आणि वरून सगळं छान दिसत असताना एक दिवस दगड खाली बसतात.

जिथे उतार जास्त तिथे अनगड दगडी बांध, म्हणजे सिमेंटशिवाय नुसते दगड रचून नाल्यात घातलेले आडवे बांध. माझी मोठी चूक इथलीच. पहिल्या वर्षी आम्ही सहा बांध घातले, माथा एकदम सपाट, पाण्याची लेव्हल लावून, फोटोला बघत राहावं असे, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी बांधावरून न जाता बाजूने गेलं आणि पंधरा फूट काठ घेऊन गेलं. बांध मध्ये खोलगट पाहिजे, बशीसारखा, दोन्ही टोकं मधल्यापेक्षा फूटभर उंच आणि काठात दीड-दोन फूट घुसवलेली. पायही तळात फूटभर खणून घ्यायचा. पाणी पडतं तिथे खाली मोठे दगड पसरायचे, बांधाच्या उंचीच्या दीड-दोन पट लांबीपर्यंत. अंतराचा नियम असा की खालच्या बांधाचा मधला माथा वरच्या बांधाच्या पायाच्या लेव्हलला आला पाहिजे, म्हणजे दोन फुटी बांध आणि दहात एक उतार असेल तर दर वीस फुटाला एक. ठेकेदार चाळीसवर घालून मोकळा होतो, टेप घेऊन स्वतः मोजा.

जिथे पायरी आधीच पुरुषभर उंच झालीय तिथे सुटे दगड टिकत नाहीत, गॅबियन, म्हणजे दगड भरलेली तारेच्या जाळीची पेटी लागते. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठे, सहा ते दहा इंची, आणि दर्शनी बाजू हातानेच रचून घ्यायची. बकेटने ओतलेलं गॅबियन दोन पावसाळ्यांत पोट काढतं.

मुरमाच्या ढिगाऱ्यांबद्दल एक सांगायचंच आहे, कारण इथे हुशार माणसंही फसतात. गावाकडच्या टेकडीवर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच लेव्हलला खणलेले, पाणी मुरवणारे) मस्त चालतात म्हणून इथल्या सैल ढिगावर ते खणू नका, चरात साठलेलं पाणी ढिगाच्या पोटात मुरतं आणि अख्खा ढीग सरकतो. त्यापेक्षा उतार दोन फूट आडवा, एक फूट उभा इतका झोपवा, दर पाच मीटर उंचीला पायरी सोडा, पायरीवरचं पाणी पक्क्या चरातून बाजूला काढा. मग काथ्याची जाळी, वरचं टोक फूटभर चरात गाडून, वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढवून, बांबूच्या खुंट्या मारून. जाळी मातीला चिकटून बसली पाहिजे, खाली पोकळी राहिली की पाणी तिथूनच पळतं. जाळीत वाळा लावा, समतल ओळीत, दोन रोपांत वीतभरापेक्षा जास्त अंतर नको, जूनच्या शेवटी पाऊस स्थिरावला की लगेच. गिरीपुष्प, करंज, निर्गुडी पण येतात, शेळ्या वाळा आणि निर्गुडीला फारसं तोंड लावत नाहीत हा मोठा फायदा.

डंपरच्या रस्त्याला दर पंचवीस-तीस मीटरवर तिरका आडवा हंप द्या, पाणी रस्ता धरून पळण्याआधीच बाजूच्या गटारात पडतं. ड्रायव्हर शिव्या घालतील, घालू दे, आमच्याकडे बाटलीतला लाल गाळ सर्वात जास्त ह्या एका कामाने कमी झाला.

शेवटी नाला बाहेर पडायच्या आधी सेटलिंग पिट, म्हणजे गाळ खाली बसवायचा खड्डा, रुंदीच्या तिप्पट लांब, पाणी एका टोकाने आत आणि दुसऱ्या टोकाच्या दगडी सांडव्यावरून बाहेर. भोवती कुंपण हवंच, पोरं पोहायला येतात. आत रंगवलेली काठी रोवा, अर्ध्या उंचीवर लाल पट्टा, गाळ पट्ट्याला टेकला की उपसा, ऑगस्टपर्यंत थांबू नका. प्रत्येक मोठ्या पावसानंतर फावडं घेऊन एक चक्कर, निसटलेला दगड त्याच दिवशी परत बसवायचा. आणि उपसलेला गाळ नाल्याच्या काठावर नाही, खाणीच्या बंद खड्ड्यात.