गेट एक, घरं नाना तऱ्हेची

ठाणे-नवी मुंबईत घर शोधायला निघालात की एजंट आधी आडनाव विचारेल. मग 'नॉनव्हेज खाता का', मग 'फॅमिली की बॅचलर'. भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी. मी २००६ साली बार्शीहून आलो तेव्हा मला वाटलं, हा बाबा खोली दाखवतोय की सोयरीक जुळवतोय!

माझी पहिली खोली घणसोली गावठाणात होती. तिथल्या आगरी मालकीणबाईंनी आडनाव विचारलंच नाही. पाणी किती वाजता येतं तेवढं सांगितलं आणि किल्ली दिली. नोडमधले, म्हणजे नव्या आखीव वसाहतींतले लोक गावठाणाकडे नाक मुरडतात, पण या शहराची जमीन त्याच गावांची आहे. १९७० साली नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि भूसंपादन सुरू झालं. मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत उरण-जासईकडे मोठं आंदोलन झालं. गोळीबारात पाचजण गेले, आणि त्या लढ्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. म्हणून कुणी 'साडेबारा टक्क्यातली बिल्डिंग' म्हणालं, तर ती भूमिपुत्रांना परत मिळालेल्या भूखंडावरची, एवढं समजून घ्या.

खोली कुठेही घ्या, अकरा महिन्यांचा करार नोंदवल्याशिवाय सामान हलवू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. मालक 'कशाला खर्च' म्हणाला की हे कलम गोड आवाजात सांगायचं.

सोसायटीत भाड्याने राहणाऱ्याला सर्वसाधारण सभेत मत नसतं. गणपतीची वर्गणी मात्र असते. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी 'नॉन-ऑक्युपन्सी' शुल्काचा काहीही आकडा लावत असेल, तर २००१ चा शासन आदेश मालकाला दाखवा. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्यात पालिकेचा कर धरत नाहीत. सेवा शुल्क २,००० असेल तर फार तर २००. आमच्या आधीच्या सोसायटीत चौपट घेत होते आणि मालक ते भाड्यात मिसळून माझ्याकडून काढत होता. दोन वर्षं मी निमूट भरले. लाज वाटते सांगायला.

आता स्वतःचं घर. म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या कोकण मंडळाच्या सोडतीत '२० टक्के योजना' असा गट दिसेल. दहा लाखांवर लोकवस्तीच्या महापालिकांत, ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्या खासगी बिल्डरला काही घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात, ती ही. मला घोडबंदर रोडला असंच घर लागलं. आनंद खराच, पण आमची विंग मागच्या गल्लीत तोंड करून उभी आहे. पुढच्या टॉवरला कारंजं, आम्हाला पाण्याच्या टँकरची वाट. मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला क्लबहाऊसमध्ये गेली तर वॉचमनने विचारलं, 'कुठली विंग?' ती घरी आली आणि केक न खाताच झोपली.

वॉचमनशी भांडून उपयोग नसतो, तो हुकमाचा ताबेदार. करारनामा वाचा. सामायिक सुविधांच्या यादीत क्लबहाऊस, बाग, पार्किंग तुमच्या विंगला आहे का? सोसायटी एकच होणार की वेगळी? आणि मेंटेनन्स कसा आकारणार? सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सरकारच्या नमुना नियमांप्रमाणे) सेवा शुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखं, म्हणजे वन बीएचकेवाला आणि थ्री बीएचकेवाला एकच रक्कम भरतो. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर वाटा इमारतीतल्या आपल्या मालकी हिश्शाप्रमाणे. लहान घरवाल्याला हा फरक दर महिन्याला जाणवतो. सारखे पैसे भरत असाल तर सारखी लिफ्टही मागा.

हे असंच असायला हवं असं नाही. सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज एखाद्या रविवारी पाहून या. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तिथे प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरच ठेवले, म्हणजे कमी-जास्त पगारवाल्यांच्या जागेत फार फरक पडू नये. घरांचे घोळके मधल्या अंगणाभोवती बसवले. आता बऱ्याच जणांनी मजले चढवलेत, तरी अंगणं आहेत.

फ्लॅट बघायला सकाळी नऊच्या सुमारास जा, एजंटशिवाय. तेव्हा कामवाल्या मावशी येत असतात. त्यांना विचारा कुठल्या लिफ्टने जाता, पाणी प्यायला कुठे मिळतं, डबा कुठे बसून खाता. आमच्या पुढच्या टॉवरमध्ये त्या जिन्याच्या पायरीवर बसून खातात. आमच्या विंगमध्ये तळमजल्यावरच्या जोशी काकू त्यांना खुर्ची देतात, आणि उकाड्यात पंखाही लावतात.