ताळेबंद मिळत नसेल, तर पार्टीची उलाढाल बिलावरून ताडा

उधारीवर माल द्यायचाय, पण पार्टी (माल घेणारा व्यापारी) प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकाच मालकाचा धंदा, किंवा भागीदारी आहे. अशांचे ताळेबंद कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर नसतातच. मग पार्टीचं एखादं बिल मिळवा.

त्यावरच्या १५ अक्षरी जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर पाहा. पी म्हणजे एकट्याचा धंदा, एफ म्हणजे भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), सी म्हणजे कंपनी. सी निघालं तर पुढचा खटाटोप नको. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीचा एओसी-४ हा वार्षिक हिशोबाचा फॉर्म उघडा, ताळेबंद त्यातच असतो.

बाकीच्यांसाठी जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये क्रमांक टाका, लॉगिन लागत नाही. मालाच्या धंद्यात पार्टी कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी कर योजना) असेल तर महाराष्ट्रात आदल्या वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत. ३बी रिटर्न (ज्यासोबत जीएसटी भरला जातो ते) तिमाही असेल तर ५ कोटींच्या आत. मासिक असेल तर मात्र काहीच ठरत नाही, कारण छोटे व्यापारीही मासिक भरतात.

आता ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) पोर्टलवर तोच क्रमांक तपासा. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. इथे हमखास चूक होते: २०१७-१८ पासून एखाद्या जरी वर्षी मर्यादा ओलांडली असेल, तरी सक्ती कायम राहते. म्हणजे आज धंदा बसलेली पार्टीही सक्ती असलेल्यांत दिसेल. म्हणून ताज्या बिलावरच्या एचएसएन कोडचे (मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक) आकडे मोजा. ते किती हवेत हे आदल्या वर्षाच्या उलाढालीवर ठरतो: ५ कोटींपर्यंत ४ आकडी, त्यावर ६ आकडी. चार आकडी कोड आणि ई-इन्व्हॉइस चालू, असं दिसलं तर धंदा घटलाय का, हे विचाराच. सहा आकडी कोडवर एकट्याने विसंबू नका. बरीच बिलिंग सॉफ्टवेअरं तो सरसकट छापतात.

या सगळ्या मर्यादा पॅनवर मोजल्या जातात, एका दुकानावर नाही. पार्टीच्या इतर राज्यांतल्या शाखा आणि त्यांना पाठवलेला मालही त्यात धरला जातो, त्यामुळे आकडा फुगतो.

उधारी किती द्यायची हे ठरवताना आम्ही जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या रिटर्नच्या तारखांना जास्त वजन देतो. मासिकवाल्यांचा जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत जायला हवा. कर भरल्याशिवाय ३बी दाखल होत नाही. जीएसटीआर-१ वेळेवर आणि ३बी दर महिन्याला उशिरा, असा तक्ता दिसला तर विक्रीची बिलं होतायत पण हातात रोकड नसावी. अशा पार्टीला पहिले दोन-तीन माल रोखीनेच द्या.