मितोमाचा खेळ मुलांना कसा दाखवावा

आमच्या नेरूळच्या सोसायटीतील मुले जपानचा फुटबॉलपटू काओरू मितोमा याची चाहती झाली, तेव्हा ती मोबाइलवर त्याचे गोल पुन्हा पुन्हा पाहत आणि खाली उतरून वेगाने पळत सुटत. चेंडू मात्र चार पावलांत पायातून निसटे. हा खेळाडू ज्यामुळे लोकांना इतका आवडतो, ते अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत सहजी दिसत नाही, म्हणून ते मोठ्यांनी शेजारी बसून दाखवावे लागते.

आधी त्याच्या शिक्षणाविषयी सांगावे. कावासाकी फ्रोंताले या जपानी क्लबच्या युवा संघात घडलेल्या मितोमाने व्यावसायिक होण्याची संधी समोर असताना त्सुकुबा विद्यापीठात शिकणे पसंत केले आणि प्रबंधासाठी ड्रिब्लिंग, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून समोरच्याला चुकवत पुढे नेणे, हाच विषय घेतला. सहकाऱ्यांच्या डोक्यावर छोटे कॅमेरे बसवून त्याने त्यांची नजर कोठे जाते हे तपासले, तेव्हा चांगले खेळाडू पायातल्या चेंडूकडे न पाहता समोर पाहतात, असे त्याला आढळले. परीक्षा जवळ आली की मुलांचे मैदान बंद करणाऱ्या पालकांना तर मी हे आवर्जून सांगतो.

मग २९ जानेवारी २०२३ चा, इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेत ब्रायटन क्लबकडून खेळताना त्याने लिव्हरपूलविरुद्ध केलेला गोल लावावा. सामना संपत आलेला असताना मितोमा आलेला चेंडू हवेतच पायावर घेतो, फटका मारल्याचा आव आणतो, समोरचा बचावपटू त्या हुलकावणीला फसून बाजूला जातो आणि त्यानंतरच चेंडू जाळ्यात जातो. हुलकावणीच्या क्षणी चित्र थांबवावे आणि विचारावे, ‘बचावपटूचा भार कोणत्या पायावर आहे?’ उत्तर आपण देऊ नये. दोन-तीन वेळा मागे नेले की मुले स्वतःच सांगतात. विश्वचषकात स्पेनविरुद्ध त्याने गोलरेषेवरून मागे वळवलेला चेंडूही दाखवावा, कारण बाजूने बाहेर गेलेला वाटणारा तो चेंडू वरून पाहिल्यावर रेषेवर असल्याचे दिसते, आणि संपूर्ण चेंडू रेषेपार गेल्याशिवाय तो बाहेर धरला जात नाही हा नियम मुलांना कायमचा समजतो.

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला असतो, त्यामुळे तो पाहून रविवारी सकाळी टर्फवर जाता येते. तेथे एका मुलाने चेंडू घेऊन चालत यावे, दुसऱ्याने वाट अडवावी आणि अडवणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याने बोटे वर करावीत. चेंडूवाल्याने न थांबता बोटांची संख्या मोठ्याने सांगायची. पहिल्या दिवशी धावू देऊ नये. आकडा बरोबर येऊ लागला की अडवणाऱ्याचा भार एका पायावर गेलेला दिसताच त्याच पायाच्या बाजूने निघायला सांगावे, कारण तो पाय उचलायला त्याला वेळ लागतो. पावसाळ्यात टर्फ ओले असल्यास दोघांमधले अंतर दोन पावलांनी वाढवावे.