रास्पबेरी पायवर घरगुती रिमोट बनवताना एलईडी थेट पिनला जोडू नका

ब्राउझरमधून टीव्ही, पंखा, एसी चालवणारा रिमोट रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर छान बनतो. बहुतेकांचं अडतं ते मात्र एकाच ठिकाणी: इन्फ्रारेड एलईडी (रिमोटचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश-सिग्नल पाठवणारी) थेट जीपीआयओ पिनला, म्हणजे बोर्डच्या सिग्नल देण्या-घेण्याच्या पिनला, जोडली जाते. त्या पिनमधून १६ मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह घेऊ नये, आणि तेवढ्यात सिग्नल खोलीभर पोहोचत नाही. मध्ये एनपीएन ट्रान्झिस्टर घाला; बेस, एमिटर, कलेक्टर असे तीन पाय असलेला हा भाग छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करतो. पिन ते बेस १ किलोओहमचा रेझिस्टर, एमिटर ग्राउंडला. ५ व्होल्टकडून ४७ ओहमचा रेझिस्टर, मग एलईडी, मग कलेक्टर. एलईडीला साधारण ७५ मिलिअँपिअर मिळतात आणि पिन सुरक्षित राहते.

मूळ रिमोटचे कोड शिकायला ३८ किलोहर्ट्झचा इन्फ्रारेड रिसीव्हर लागतो. ३.३ व्होल्टवर चालणाराच घ्या आणि बोर्डच्या ३.३ व्होल्टलाच जोडा. जीपीआयओ पिनवर ५ व्होल्ट आले तर बोर्ड खराब होऊ शकतो.

एसीचं गणित वेगळं आहे. बहुतेक एसी रिमोट प्रत्येक वेळी तापमान, मोड, पंख्याचा वेग असं सगळंच एकत्र पाठवतात. म्हणून बटणं नव्हे, तर ‘२६ अंश, कूल’ अशा पूर्ण स्थिती रेकॉर्ड करा.

एलईडी पेटते का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. मागच्या कॅमेऱ्यात दिसली नाही तर पुढचा वापरून बघा.