वलगणीचे मासे चढण्याआधी तळ्याचा बंदोबस्त

मुंबईत पाऊस साधारण १० जूनच्या मागेपुढे लागतो. वसई, भिवंडी, पनवेल पट्ट्यातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत खरा घात होतो तो पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत. ओहोळ वाहू लागले की वलगणीबरोबर, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहावर चढणाऱ्या माशांबरोबर, मरळ, वाम, चिलापी (तिलापिया), मांगूर असे तळ्यात नको असलेले सगळेच वर चढतात. बोटुकली (पाळायच्या माशांची बोटभर पिल्लं) सोडल्यावर मग नको ते मासे मारायला औषध घालायची सोय राहत नाही, म्हणून काम मे अखेरीस उरका.

तळं आटत असेल तर तळाला भेगा पडेपर्यंत तापू द्या. आटत नसेल तर पाणी जमेल तितकं उतरवा आणि मगच मोहाची पेंड (तेल काढलेल्या बियांचा चोथा, माशांना विषारी) घाला. मीटरभर पाण्याला गुंठ्यामागे २५ किलो. २० गुंठ्यांत मीटरभर पाणी असेल तर ५०० किलो लागते. तेच पाणी फुटावर आणलंत तर १५० किलोत भागतं. पेंड रात्रभर भिजवून, सकाळी पातळ करून सगळीकडे शिंपडा आणि लगोलग जाळं ओढा. मरळ आणि मांगूर हवेतला श्वास घेऊन तग धरतात, चिखलात नि बांधाच्या बिळांत दडतात. दुसऱ्या दिवशी बिळं उकरल्याशिवाय काम झालं असं समजू नका. पेंडीचं विष तीनेक आठवडे टिकतं. त्यानंतरही आधी दहा बोटुकल्या हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) २४ तास ठेवून बघा.

पाणी आत येतं तिथे नुसती सपाट जाळी लावली की पहिल्याच पुरात पालापाचोळ्याने तुंबते आणि पाणी बाजूने घुसतं. बाहेर कचरा अडवायला तारेची मोठी जाळी, आत बारीक कापडाची दोन-तीन मीटर लांब पिशवी बांधा; लांब पिशवी लवकर तुंबत नाही. सांडव्यालाही जाळी हवी. मांगूर ओल्या जमिनीवरून सरपटत येतो, तेव्हा बांधावर अडीच फूट शेडनेट, खालची कड अर्धा फूट मातीत पुरून.

तळं भरून टाकायला चिलापीची एक मादीही पुरते; ती अंडी तोंडात उबवते. जाळ्यात आल्यावर ती तोंड उघडते तेव्हा मोहरीएवढी पिवळट अंडी ओघळतात; ती तळ्याकाठी झटकू नका. थाई मांगुरावर २००० सालापासून बंदी आहे, कुणी स्वस्त बीज म्हणून दिलं तरी घेऊ नका. मत्स्यालयातला सकर मासा हौशी लोक वाढला की तलावात सोडतात. तो बांध पोखरतो, काट्यांनी जाळी फाडतो. सापडला तर पाण्यात परत न टाकता पुरून टाका.

मत्स्यजिरे (बोटुकलीहून लहान, नुकती जन्मलेली पिल्लं) सोडणार असाल तर ती खाणाऱ्या पाणकिड्यांसाठी आदल्या दिवशी गुंठ्याला ५६० ग्रॅम स्वस्त खाद्यतेल आणि १८० ग्रॅम साबण कोमट पाण्यात घोटून पसरा. तवंगामुळे किड्यांना वर येऊन श्वास घेता येत नाही. वारा असेल तर थांबा, तवंग एका काठाला जमतो.

पाणकावळे, बगळे, दिवड (पाणसाप) मारणं कायद्याने गुन्हा आहे. काठ उभा कापून कडेलाच दोन-तीन फूट पाणी ठेवलं की बगळ्याला उभं राहता येत नाही. पाणकावळा मात्र बुडी मारतो. त्याला जाड दोऱ्यांची ताणलेली जाळीच लागते. सैल, बारीक नायलॉनमध्ये पक्षी गुंततात. बोटुकली १० सेंटिमीटरची घेतलीत तर छोट्या खंड्याला ती सहज गिळता येत नाही.